गावंडेभाऊंची ओळखपरेड

आमचे शेजारी गावंडेभाऊ कोणत्याही गोष्टीचे नाव एकदम घेत नाहीत. दारात गाय उभी असली तर ते म्हणतात, "गायीसारखं काहीतरी दिसून राह्यलं." भाचीच्या लग्नात नवरदेव घोड्यावरून उतरला, तेव्हा "हा नवरदेवासारखा वाटते" असे त्यांनी वधूपित्याच्या कानाशी म्हटले, आणि त्या बिचाऱ्याचा फेटा क्षणभर सैल झाला. माझी ओळख ते आजही "हे शेजाऱ्यासारखे वागतात" अशीच करून देतात. यात कौतुक आहे की राखून ठेवलेला निकाल, हे विचारण्याचे धैर्य मला अजून झालेले नाही.

हे वळण त्यांना व्यवसायाने लावले. अमरावतीतल्या एका रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत ते तंत्रज्ञ होते. निवृत्त झाल्यावरही रोज जातात. काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरायचा, रंगवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पांढऱ्या पेशी ओळखायच्या, हे त्यांचे काम. एकदा त्यांनी मला नळीला डोळा लावायला सांगितले. मी शाळेत मराठी शिकवणारा माणूस. मला जांभळे ठिपके दिसले. त्यांना तिथे वस्ती दिसत होती.

"हा नारिंगी दाण्यांचा पाहा. शेंदूरजनाघाटची संत्री भरून निघाला. हा तीन गाठींचा. भांडण झालं का सगळ्यात आधी पोचते अन् सगळ्यात आधी मरते. अन् हा गोल, नुसतं डोकंच डोकं, हा लिम्फोसाइट. याचे प्रकार लय, पण तोंडावरून समजत नाही."

"मग कशावरून समजते?"

"तीन गोष्टी इचाराच्या. दिसते कसा, अंगावर काय घालते, अन् काम काय करते. तिन्ही जुळल्या का मंगच नाव घ्या. घाई काहून कराची?"

अंगावर घालणे म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरची प्रथिने. शास्त्रज्ञांनी त्यांना क्रमांक दिले आहेत. चार क्रमांकवाली पेशी निराळी, आठ क्रमांकवाली निराळी. "पण तेवढ्यावरही जाऊ नका," भाऊंनी बजावले. "लढाईत गेला का कपडे बदलते बापा."

हे ज्ञान ते प्रयोगशाळेत ठेवून आले असते तर कॉलनीचे भले झाले असते. भातकुलीहून येऊन पंचवीस वर्षे भाड्याने राहणाऱ्या एका गृहस्थांना कॉलनीच्या समितीत घ्यावे की नाही, यावर सभा भरली होती. भाऊ उभे राहिले आणि थेट मेंदूत शिरले.

"मेंदूत चेतापेशी राहतात. त्यायच्या मधात पहारेकरी पेशी असतात. थ्या मेंदूच्या पोटच्या नाहीत. बाळ पोटात असतानाच बाहेरून आल्या अन् तिथंच राह्यल्या. कचरा त्याच उचलतात, दुखणं आलं का त्याच धावतात."

अध्यक्षांनी चष्मा काढला. "गावंडेभाऊ, एका शब्दात सांगा जी. थ्या मालक का किरायदार?"

"त्यावर शास्त्रज्ञायचंच लय वर्षं भांडण चाललं."

सभा चहासाठी थांबली. गृहस्थांना समितीत घेण्यात आले आणि नालीसफाई त्यांच्याकडे सोपवण्यात आली.

गेल्या हिवाळ्यात मी माझ्या साखरेचा अहवाल घ्यायला प्रयोगशाळेत गेलो होतो. बाहेरच्या बाकावर सलीमभाई बसले होते. आमच्या चौकात त्यांचे बांगड्यांचे दुकान आहे. त्यांच्या सात वर्षांच्या लेकीचा, सानियाचा ताप उतरत नव्हता, आणि यंत्राने तिच्या रक्तात अनोळखी पेशी असल्याचे कळवले होते. तरुण डॉक्टरीणबाईंना कर्करोगाचा संशय होता. भाऊ सूक्ष्मदर्शकावरून उठायला तयार नव्हते.

"मॅडम, पेशी मोठी झाली, निळी पडली, हे खरं. पण लढून आलेल्या माणसाचंही तोंड सुजते. त्याले चोर म्हणाचं काय? अंगावरचे कपडे पाहू द्या."

पृष्ठभागाच्या खुणांची तपासणी नागपूरला व्हायची होती. दोन दिवस लागणार होते.

सलीमभाईंनी भाऊंचा हात धरला. "भाऊ, बीमारीचं नाव तरी सांगा."

"नाव अजून नाही."

"म्हणजे लपवून राह्यले तुमी."

भाऊंचे मत अनुकूल होते, हे मला ठाऊक होते. दिलाशाचे एक वाक्य त्यांना सहज बोलता आले असते. ते बोलले नाहीत, आणि मला त्यांचा प्रथमच राग आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी चौकातून जात होतो. सानिया घरी आईजवळ होती. दुकानात सलीमभाई शून्यात पाहत होते, आणि त्यांच्या शेजारी गावंडेभाऊ मांडी घालून बांगड्यांचे ढीग लावत होते. सकाळपासून बसले होते म्हणे. तेवढ्यात सलीमभाईंचे लक्ष ढिगांकडे गेले.

"या अल्ला! भाऊ, हे काय करून ठेवलं?"

"निवडल्या. लाल येगळ्या, हिरव्या येगळ्या, दाणेदार येगळ्या."

"अहो, बांगडी मापानं ठेवतात! आता नवरीच्या हातात पोरीची बांगडी घालू काय?"

भाऊंनी दोन बांगड्या डोळ्यांजवळ नेल्या. "सारख्याच दिसून राह्यल्या," ते ओशाळून म्हणाले. सलीमभाई हसले. हसताहसताच त्यांनी डोळे पुसले, आणि मग दोघे मिळून सगळा माल पुन्हा मापाने लावू लागले.

तिसऱ्या दिवशी अहवाल आला. भाऊ चपलेचा अंगठा तुटलेला असतानाही चौकापर्यंत जवळजवळ धावले, मी मागे. "सलीमभाई, चोरांची टोळी असती तर सगळ्यायचे कपडे एकच असते. हे नानातऱ्हेचे निघाले. साधे शिपाई आहेत. विषाणूचा ताप आहे, उतरीन." सलीमभाईंनी भाऊंना घट्ट मिठी मारली आणि दुकान उघडे टाकून घराकडे पळत सुटले.

ते परत येईपर्यंत आम्ही दुकान सांभाळत बसलो. मी भीतभीत विचारले, "भाऊ, बोलायचे नव्हते, तर काल दिवसभर इथे येऊन का बसलात?"

भाऊंनी एक बांगडी उचलून तिच्या ढिगात ठेवली.

"माह्या बायकोची काचपट्टी मीच पाह्यली होती सर. पाच मिनिटांत समजलं. पण बाहेर जाऊन तिले सांगाची हिंमत झाली नाही. मंग मी अजून शंभर पेशी मोजल्या. त्याच्यानंतर अजून शंभर. काही गरज नव्हती." त्यांनी गल्ल्यावरची धूळ तळहाताने पुसली. "तेवढा वेळ ती बाकावर एकटीच बसून होती."