रिकाम्या जागेतलं उत्तर

"बाई, संध्याकाळपर्यंत हा प्रसंग झाला नाही, तर सिनेमा दुसऱ्या स्टुडिओत जाईल आणि मी घरी," दिग्दर्शक काकुळतीला येऊन म्हणाला.

सिनेमा परदेशी होता. गोरी, श्रीमंत मालकीण आणि तिची काळी मोलकरीण. जन्मात कधी एका टेबलाशी न बसलेल्या दोघींची मैत्री. त्यांना आपल्या भाषेतले आवाज द्यायचे होते. मोलकरणीचा आवाज देणारीचा नेमका घसा बसला, म्हणून आता दोघींचं एकट्याच बोलणार होत्या राणीसरकार. तीस वर्षं नुसत्या राण्या आणि मालकिणी बोलून हे नाव त्यांना चिकटलं होतं; थोडं वागण्यातूनही.

आधी मालकिणीची वाक्यं घ्यायची, मोलकरणीच्या जागा मोकळ्या सोडायच्या.

आतला दिवा मालवला, दारावरचा लाल लागला. तो जळतोय तोवर कुणी दार उघडायचं नाही, हा इथला कडक नियम. जाड पडद्यांनी मढवलेल्या त्या काळोखात स्वतःचा श्वासही परक्याचा वाटे. राणीसरकारनी हेडफोन चढवले. समोर सिनेमात आजारी मालकीण बंद दाराकडे बघत होती.

"आहेस ना गं तिथं?" राणीसरकार कळवळून म्हणाल्या.

काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट पांढराफटक पडला. "साहेब, मोकळ्या जागेत कुणीतरी बोललं."

"कोण बोलणार? आत बाई एकट्याच आहेत," दिग्दर्शक म्हणाला.

त्यानं ऐकवलं. प्रश्न. शांतता. मग अगदी खालून, जमिनीतून उगवल्यासारखं, "आहे की."

"पु... पुन्हा घे," दिग्दर्शक म्हणाला.

पुन्हा घेतलं. "फार एकटं वाटतं गं," मालकीण म्हणाली. यंत्रात उत्तर आलं, "वाटायचंच."

हे ऐकवल्यावर राणीसरकारनी हळूच हेडफोन काढले. "कोण आहे?"

"मी," काळोख म्हणाला.

राणीसरकार दाराकडे धावल्या, वायरीत अडकल्या आणि माइकसकट आडव्या झाल्या. दिग्दर्शकानं धावत येऊन दार उघडलं.

"विझला का हो लाल दिवा?" पडद्यामागून कंबर धरत सफाईवाल्या मावशी उठल्या. "लादी पुसून जरा पाठ टेकली, तेवढ्यात तुमचं सुरू. बाहेर येऊ कशी?"

"मग गप्प पडून राहायचं!" दिग्दर्शक ओरडला.

"गप्पच होते. पण बाई इतकं जीव तोडून विचारतायत आणि कुणी ओ देईना. बरं दिसतं का ते? साहेब, कामावरून काढू नका हो."

दिग्दर्शकानं घड्याळ पाहिलं. "मावशी, मोलकरणीचं तुम्हीच बोला."

माइकसमोर मावशींची दातखीळ बसली. "नाही जमायचं. मोलकरीण बोलते कुठं? मालकिणीचं सांगा, जन्मभर तेच ऐकलंय." आणि त्या बोलल्या, "दार लोट. बोलावल्याशिवाय आत यायचं नाही."

दारात आलेल्या रेकॉर्डिस्टनं निमूट दार लोटलं. खोली गार पडली. मावशींच्या गळ्यातून जणू कितीतरी घरांतल्या कितीतरी बायका एकदम बोलल्या होत्या.

"मालकीण ह्याच!" दिग्दर्शक कुजबुजला.

"आणि मी?" राणीसरकारनी विचारलं.

"तुम्ही... उरलेली."

लाल दिवा लागला. दोघी एका माइकसमोर, खांद्याला खांदा लावून.

"आहेस ना गं तिथं?" मावशींनी विचारलं. राणीसरकारनी तोंड उघडलं आणि राणीच बाहेर आली. दुसऱ्यांदा राणी. तिसऱ्यांदाही. दिग्दर्शकानं डोकं धरलं.

मावशी त्यांच्या कानाशी झुकल्या. "मान खाली घाला, बाई. आपोआप येतं."

राणीसरकारनी मान खाली घातली. मग काळोखातून, राणीचा मागमूसही नसलेल्या आवाजात शब्द आले, "आहे, बाईसाहेब."

काचेपलीकडे दिग्दर्शकानं रेकॉर्डिस्टचा दंड घट्ट धरला.

"आता हे कोण बोललं?"