एक काना आणि दोन ड्रम

आमच्या गल्लीत नळ बारा दिवसांनी येतो. म्हणून गेल्या मे महिन्यात मी ठरवलं, की आंघोळीचं आणि धुण्याचं पाणी मोरीत सोडायचं नाही. ते एका ड्रममध्ये साठवायचं आणि अंगणातल्या पपईला घालायचं. निर्णय एवढाच होता.

मी पांढरकवड्याला एका कचेरीत लिपिक आहे. काम अर्धवट सोडणं मला जमत नाही (कचेरीतलं सोडून). ते पाणी मी फडक्यातून गाळलं, त्यात तुरटी फिरवली. ते इतकं नितळ झालं, की शेजारीच ठेवलेल्या नळाच्या पाण्याच्या ड्रमला लाज वाटावी. मग घोटाळा नको म्हणून ऑईलपेंटनं पपईच्या ड्रमवर लिहिलं, ‘वापरले’. ‘वापरलेले पाणी’ लिहिणार होतो, पण टिपणीत शब्द वाचवायची सवय. चांगल्या पाण्याच्या ड्रमवर काहीच लिहिलं नाही. चांगल्याची जाहिरात कशाला?

नळ येऊन गेल्यावर पाचव्या दिवशी आर्णीहून सासूबाई आल्या. लेकीला विश्रांती म्हणून सकाळी त्यांनीच स्वयंपाक केला, देवाला नैवेद्य दाखवला. मी वरण दोनदा मागून घेतलं.

“वरणात लिंबू मस्त पिळलं तुम्ही,” मी म्हणालो.

“लिंबू? म्या तं नाही पिळलं, जवाईबापू.”

सुरभीचा, म्हणजे बायकोचा, घास हातातच थांबला. आमचा आंघोळीचा साबण लिंबाच्या वासाचा आहे.

“माय, पानी कोन्त्या ड्रममधलं घेतलं वं?”

“ज्याच्यावर लिव्हलं हाये त्यातलं. ‘वापराले’.” त्यांच्या बोलीत ‘वापराले’ म्हणजे वापरायला.

“ते ‘वापरले’ आहे,” मी म्हणालो.

“हो, पन ‘वापरले’ कोनी कायले लिहीन? मले वाटलं, काना द्याचा राह्यला असंन. म्हटलं, सरकारी मानूस हाये, घाई असते. त्या दुसऱ्यावर काईच लिव्हलं नव्हतं, म्हनून त्याले हात नाही लावला.”

दुसऱ्या ड्रमला हात त्यानंतर लागला. पातेली तीनदा घासली गेली. ओटा धुतला, देव धुतले, मग सासूबाईंनी डोक्यावरून आंघोळ केली, मग सुरभीनं. सात दिवस पुरवायचं पाणी डोळ्यांदेखत चाललं होतं आणि मी मागे मागे फिरत होतो. “एक बादली तरी ठेवा हो.” कुणी ऐकत नव्हतं. मला खरंच रडू येत होतं.

मी मोरीच्या तोंडाशी बादल्या लावत राहिलो. त्यामुळे दुपारपर्यंत एक थेंबही वाया गेला नाही. ‘वापरले’चा ड्रम काठोकाठ भरला. प्यायला मात्र घरात घोटभर पाणी नव्हतं, आणि नळाला अजून सात दिवस होते.

“अवो, आता उभे काय राह्यले? जा धनसिंगभाऊंकडं,” सुरभी म्हणाली. तिच्या आवाजात रागही उरला नव्हता. त्यानं मी जास्त घाबरलो.

शेजारचे धनसिंगभाऊ ओसरीवर बसले होते. मी मान खाली घालून पाणी मागितलं. काय झालं ते त्यांनी विचारलं नाही (सासूबाई मघाशी कुंपणापाशी बोलत उभ्या होत्या). आत जाऊन त्यांनी वीस लिटरचा भरलेला कॅन आणला आणि माझ्या पायाशी ठेवला.

“न्या भाऊ. पानी संपलं तं अजून देतो,” ते म्हणाले. “फक्त कॅनवर काई लिहू नका.”