शेळीचा उसना कचरा

मुलांनो, मोठा वणवा लागला त्याच्या चौथ्या वर्षी, वैशाखात, एका जंगलात घंटागाडी सुरू झाली. नीट बसा. मधे बोलायचं नाही.

गाडी सुरू झाली, कारण पाणवठ्याला घाण येत होती. माकडं साली टाकत. तरस हाडं टाकी. अस्वल मधाची पोळी चोखून भिरकावी. वाघ पाणी प्यायला आला की नाकावर पंजा धरी. म्हणून वाघानं नियम केला. नियम चांगला होता. ते आधी सांगून ठेवतो, नाहीतर तुम्ही उगाच हसाल.

प्रत्येक घरापुढे शिंदीच्या पानांच्या दोन टोपल्या. एकीत ओला कचरा, दुसरीत सुका. सकाळी गाढव गाडी ओढत येई. मागून कोल्हा. तो मुकादम. तो टोपल्यांत नाक घालून बघे आणि कपाळावर गेरूचा टिळा लावी. टिळा असेल त्यालाच त्या दिवशी पाणी. पाणवठ्यावर रानडुक्कर पहाऱ्याला होतं. ते कुणाचं ऐकत नसे.

जंगलाच्या कडेला बाभळीखाली भिवरा शेळी राहत होती. दोन करडं तिच्या अंगावर पीत होती. भिवरा मानी होती. तिनं जन्मात कुणाकडे काही मागितलं नव्हतं.

पहिल्याच सकाळी कोल्हा तिच्या दारात थांबला.

"ओला कचरा?"

"नाही."

"साली, देठं, पाला?"

"खाल्लं."

"सुका दाखव."

"तोही खाल्ला."

"आणि सुक्याची टोपली कुठं आहे?"

भिवरा रवंथ करत राहिली. गाढव खिदळलं. कोल्ह्यानं त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं.

"हे बघ बाई, कचरा नाही असं घर नसतं. तू चोरून टाकतेस. बोल, ओढ्यात की माळावर?"

"मी शेळी आहे, मुकादम. माझ्याकडे काही उरत नाही."

"सगळ्यांकडे उरतं. वाघाकडेसुद्धा उरतं. तू काय वाघाच्या वर आहेस?"

कोल्हा तसाच पुढं गेला. टिळा मिळाला नाही. दुपारी डुकरानं तिला परत फिरवलं. संध्याकाळी दूध आटलं. धाकटं करडू ढुशा देऊन थकलं आणि रडायला लागलं.

भिवरा उठली आणि सुगंधा वानरिणीच्या झाडाखाली गेली. सुगंधेच्या दारात सालींचा ढीग होता. माश्या घोंगावत होत्या. वर फांदीला फुलांचा हार लटकत होता. सगळ्यांत जास्त कचरा देणारं घर म्हणून पहिल्याच दिवशी तिला 'स्वच्छ घर' हा मान मिळाला होता.

"सुगंधाबाई, एक टोपली कचरा द्या."

"अगं भिवरे, देईन गं. पण अस्वल माझ्या पाठोपाठ आहे. त्यानं आजपासूनच मधसुद्धा टाकायला काढलाय. माझी टोपली कमी पडली आणि हार त्याच्याकडे गेला म्हणजे?"

"फुकट नको. उसना द्या. फेडीन."

"तू? तू कचरा फेडणार?" सुगंधा हसता हसता फांदीवरून पडायची राहिली. पण पोरं रडताहेत म्हटल्यावर तिनं टोपली दिली.

केळीच्या साली होत्या. वाट लांब होती. भिवरा सकाळपासून उपाशी होती. घरी पोचली तेव्हा टोपली रिकामी होती.

ती तशीच मागे वळली. दुसरी टोपली तिनं पाठीवर बांधून घेतली, तोंड पोचणार नाही अशी.

सकाळी कोल्ह्यानं नाक घातलं. "शाबास. आता कशी उरली? सुक्याचं पुढं बघू." टिळा लागला. भिवरा पाणी प्याली. करडं दूध प्याली.

पण देणं राहिलं. भिवरेला झोप येईना. तिनं कोवळा पाला ओरबाडून आणला आणि टोपलीत भरून कोल्ह्याला दाखवला. कोल्हा म्हणाला, "हा चांगला आहे. हा कचरा नव्हे. मला फसवतेस?"

मग भिवरेनं खड्डा उकरला. रोज चरायची, त्यातला अर्धाच पाला पोटात घालायची. अर्धा खड्ड्यात टाकून वर दगड ढकलायची. करडं दगडाशी येऊन वास घेत. ती त्यांना शिंगानं बाजूला सारी. तिच्या बरगड्या दिसायला लागल्या. पाला कुजेपर्यंत पाण्यासाठी रोज एक टोपली उसनी आणावीच लागली. देणं वाढत गेलं.

एकदाचा पाला कुजला. काळा झाला. त्याला असा वास सुटला की कोल्हा लांबूनच म्हणाला, "सुधारली शेळी."

त्या दिवशी भिवरेनं एकेक करून सगळ्या टोपल्या सुगंधेच्या दारात नेऊन ठेवल्या. सुगंधेनं बोटानं उकरून पाहिलं.

"अगं बाई! माझ्यापेक्षा चांगला कुजलाय."

"मोजून घ्या."

शेवटच्या टोपलीवर भिवरेनं मूठभर बाभळीच्या शेंगा ठेवल्या होत्या. ताज्या, गोड. घेतलेलं भांडं नुसतं परत करायचं नाही, अशी तिच्या घरची रीत होती.

"आणि या गं कशाला?" सुगंधा म्हणाली. तिनं शेंगाही ओल्या कचऱ्यात टाकल्या.

देणं फिटलं.

तात्पर्य: उसना घेतलेला कचरा वेळेवर परत करावा.