म्हशीचे टायर, गाढवाचे टायर

आपल्या जीपचं चाक मंठ्याच्या चिखलात रुतलं तर नाव बदलून ठेवीन, असं झुंबरबाईंनी ओसरीवर बसून साऱ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगून टाकलं. गल्लीला त्याचं काही नव्हतं. ऐकायला हवं होतं मंठ्याच्या इहिणीनं, गोपिकाबाईनं. लेक बेबीनंदा तिथं दिलेली, श्रावणात तिला सातवा लागणार. पहिलं बाळंतपण माहेरी, ही जगाची रीत. पण गोपिकाबाईंनी वैशाखातच निरोप धाडला : आमच्या मळ्याचा रस्ता काळ्या मातीचा. तुमची जीप दारापर्यंत आली तर पोरीला न्या, न्हाईतर बाळंतपण इथंच. म्हणजे काय? झुंबरबाईंची जीप काय देव्हाऱ्यातली घंटा होती, नुसती पुसून ठेवायला?

त्या तडक रामकिसनला, म्हणजे आपल्या लेकाला, घेऊन जालन्याच्या टायरवाल्याकडे गेल्या. तो म्हणाला, "मावशी, ऑल सीझन घ्या. एकदा चढवले की बघायचं काम नाही."

झुंबरबाईंना सीझन एकच ठाऊक, अंकुशनगरच्या साखर कारखान्याचा. त्यांनी पदर खोचला. "सीझन ऊस वाहणाऱ्याला. आम्हाला लेक आणायची हाय, मोळ्या न्हाई!"

सीझन म्हणजे इथं ऋतू, हे टायर बाराही महिने चालतात, असं रामकिसननं समजावलं. त्या आणखीच भडकल्या. उन्हाळ्यात घोंगडी पांघरून फिरतो का रे तू, म्हणाल्या. शेवटी दोन जोड घरी आले : उन्हाळ्याचा गुळगुळीत आणि पावसाळ्याचा जाड गोट्यांचा, ज्याला बटन टायर म्हणतात.

आता कोणता कधी चढवायचा? त्याला झुंबरबाईंनी असा तोडगा काढला की दुकानदाराच्या बापाला सुचला नसता. पंचांगात पावसाच्या प्रत्येक नक्षत्राला वाहन असतंच. म्हैस, बेडूक, हत्ती असला की धो धो, गाढव किंवा कोल्हा असला की कोरडं. नक्षत्राचं वाहन बघायचं आणि आपल्या वाहनाचे टायर बदलायचे. त्यांची स्वतःची शाळा दुसरीत सुटलेली. म्हणून खुंटीवरच्या दोन पंचांगांतलं, राजूरच्या गणपतीचं रंगीत चित्र असलेलं कोरं करकरीत पंचांग त्या काढायच्या आणि नवऱ्यापुढं धरायच्या. नवऱ्याचं नाव कारभारी, कारभार झुंबरबाईंचा. ते वाचून वाहन सांगायचे आणि परत बिडी ओढत बसायचे.

मृगाला कोल्हा निघाला. गुळगुळीत टायर ठेवले, तर ओढ्याला पाणी आलं. आर्द्रेला बेडूक निघाला. रामकिसननं घाम गाळून बटन चढवले, तर फुफाटा उडाला. पुढच्या दोन नक्षत्रांनाही तेच. रामकिसनच्या तळहातांना फोड आले. पंचांग बराबर आहे, यंदा पाऊसच चुकून राह्यलाय, असं झुंबरबाईंचं ठाम मत पडलं.

आश्लेषाला गाढव निघालं. ओटीभरणाचा दिवस नेमका त्यातच. पुन्हा गुळगुळीत टायर चढले आणि कारभारींनाही सोबत घेतलं.

"माय, आभाळ काळंकुट्ट झालंय," रामकिसन म्हणाला.

"आभाळाला काय कळतंय? पंचांगात गाढव हाय."

जालना मागं पडलं आणि पावसानं असं झोडपलं की काचेपलीकडचं दिसेना. मळ्याच्या वाटेला लागताच जीप आधी बाजूला सरकली, मग वाटेत आडवी झाली, मग गोपिकाबाईंच्या अंगणाच्या दोन हात अलीकडं बुडापर्यंत रुतून बसली. चाकं जात्यासारखी गरगर फिरली आणि खाली उतरलेल्या झुंबरबाईंच्या नव्या इरकलीवर काळ्या चिखलाचं नक्षीकाम झालं. गोपिकाबाई ओट्यावरून बघत होत्या. त्यांनी घाई न करता गोठ्यातले चार बैल सोडले.

"इहीणबाई, म्हशीच्या नक्षत्रात असले टायर?"

"कुठली म्हैस? यंदा गाढव हाय!" झुंबरबाई कडाडल्या. पुरावा पिशवीतच होता. त्यांनी पंचांग काढून समोर आपटलं.

गोपिकाबाईंनी आतलं पान उघडलंच नाही. वरचं वाचलं. "हे मागल्या सालचं हाय."

सगळे कारभारींकडे वळले. कारभारींनी बिडी विझवली. "तू वाहन इचारलं," ते म्हणाले. "साल कुठं इचारलं?"

चार बैलांनी जीप मागं ओढून काढली, पण दारापर्यंत काही ती गेली नाही. ओटी भरून झाल्यावर गोपिकाबाईंनी ठरल्याची आठवण दिली. झुंबरबाई इरकलीवरचा चिखल खरवडू लागल्या. तेवढ्यात बेबीनंदा आपली पिशवी घेऊन बाहेर आली.

"मला माहेरी जायचंय. जीपमधी बसायची हौस कोणाला हाय? यष्टी न्हाई का?"

गोपिकाबाईंनी थोडा विचार केला आणि हसू लपवलं. "यष्टीनं न्या. तिचा भरवसा हाय."

बैलगाडीनं मंठ्याच्या स्टँडवर, तिथून यष्टीत. पाऊस तसाच, रस्ता तसाच, गाडी मात्र सुरळीत चाललेली. बेबीनंदा आईच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपून गेली. मागं जीपमधी कारभारी आणि रामकिसन कुठंशी रुतून बसले असणार, साल न सांगणाऱ्याला तीच शिक्षा. पण झुंबरबाईंना राहवेना. कंडक्टर जवळ येताच त्यांनी आवाज बारीक करून विचारलं, "भाऊ, ह्या गाडीचे टायर कोणते? उन्हाळी का पावसाळी?"

कंडक्टरनं तिकिटं फाडली.

"सरकारी."