चंद्रीचा स्वभाव आणि हिरवं लुगडं

"सोड गं बाई पान्हा, चरवी बघं तुझी वाट,
पाठीवर तुझ्या माझा, पदराखालचा हात."

इंदापूरची माझी मावशी धार काढताना हे गुणगुणायची. आवाज फाटका, पण गोठाभर पसरायचा. पुढं मी पशुविज्ञान शिकले आणि ती ओवी एक गोड गैरसमज म्हणून मनाच्या माळ्यावर टाकून दिली.

कारण मला आता शास्त्र ठाऊक होतं! म्हशीचा शांतपणा आईकडून लेकीकडं किती उतरतो, यावर माझं संशोधन चालू आहे. धार चालू असताना मी शेजारी फटकन छत्री उघडते, म्हैस किती बिचकते ते बघते आणि मग कापसाच्या बोळ्यावर तिची लाळ घेते. भीतीचं रसायन लाळेत उतरतं. कुठल्याही जनावराचा स्वभाव चहा निवायच्या आत सांगते, अशी बढाई मी बारामतीभर मारून ठेवली होती.

पिंपळीच्या कुंडलिकरावांची चंद्री माझी सगळ्यात लाडकी. त्यांच्या कुशाबाई धारेला बसल्या होत्या. मी छत्री उघडली. चंद्रीनं नुसता कान हलवला, जणू शेजारीण दारातून डोकावून गेली. मी तिथंच निकाल दिला, "हिची आईही अशीच होती ना? मग हे रक्तातच आहे. धारेला कुणीही बसो, ही अशीच उभी राहणार."

कुंडलिकराव बायकोकडं वळले. "ऐकलंस? म्याडम म्हणत्यात कुणीबी बसा. आन तू मिरवतीस, माझ्या हातामुळं दूध देती म्हणून."

कुशाबाई तशाच उठल्या. चरवी घरात नेऊन ठेवली, दोन लुगडी पिशवीत कोंबली आणि संध्याकाळच्या एसटीनं निमगाव केतकीला भावाच्या घरी निघून गेल्या. एक संसार मोडायला आला होता, आणि त्याला धक्का देणारी मी बारामतीत बसून आलेख काढत होते! हे सगळं मला फार उशिरा कळलं.

पुढच्या आठवड्यात मी परत जायचं ठरवलं, तर कुंडलिकरावांनी फोनवर बजावलं की कुशाबाईंचा घसा बसलाय, त्यांना बोलायला लावू नका, लांबूनच काय ते बघा. ते स्वतः कारखान्यावर असणार होते. मी गेले. हिरवं लुगडं, नाकापर्यंत पदर, पाठ माझ्याकडं. मी नमस्कार केला, पदर नुसता हलला. टाचा जरा दांडग्या वाटल्या. कष्टाचं शरीर, मी मनात म्हटलं. छत्री उघडली तर चंद्री दचकली, पण उभी राहिली. मी मोबाईलवर चित्रीकरण केलं आणि आमच्या म्हैसपालकांच्या ग्रुपवर टाकलं. वर लिहिलं, कुशाताई आणि त्यांची चंद्री, आदर्श जोडी!

अंगठ्यांचा पाऊस पडला. त्या ग्रुपवर कुशाबाईही होत्या, आणि त्या होत्या निमगावात. आपलं लुगडं नेसून आपल्या म्हशीखाली बसलेली बाई त्यांनी परत परत बघितली, असं त्यांचा भाऊ रामहरी नंतर सांगत होता. मग त्यांनी मोबाईल खाली ठेवला आणि रामहरीला गाडी काढायला सांगितली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लाळ घ्यायला पिंपळीत पोचले, तेवढ्यात मोटारसायकल अंगणात येऊन थांबली. रामहरी बाह्या सारत उतरला. कुशाबाई तडक गोठ्याच्या दारात. एक कुशाबाई म्हशीखाली, एक दारात. माझं शास्त्र दोघींच्या मध्ये छत्री धरून उभं!

"कोण गं तू? मला जाऊन पंधरवडा न्हाय झाला, तवर माझ्या लुगड्यात शिरलीस?"

चंद्रीनं आवाज ओळखला. रेकली, दाराकडं वळली, चरवी लवंडली आणि पदर खांद्यावर आला. पदराखाली कुंडलिकरावांच्या मिशा होत्या.

रामहरी कडब्याच्या पेंढीवर बसून डोळे पुसेपर्यंत हसला. कुशाबाई हसल्या नाहीत. "तिच्या रक्तात हाय न्हवं? मग माझं लुगडं कशापायी नेसलं?"

कुंडलिकराव जमिनीकडं बघत सांगत गेले. पायजम्यात बसले तर चंद्रीनं चरवीसकट उडवलं. बाई माहेरी गेली की गडी तिचं लुगडं नेसून धारेला बसतो, ही गावातली जुनी रीत त्यांना आठवली. लुगडं नेसल्यावर चंद्री उभी राहिली, पण दूध निम्मंच दिलं. गावाला कळू नये म्हणून माझ्याशी खोटं बोलावं लागलं.

निम्मंच. मला पहिल्यांदाच शंका आली, की मी मोजलेला शांतपणा एकट्या चंद्रीचा नव्हताच. त्यातला अर्धा कुशाबाईंच्या हातात होता.

"निऱ्याबी उलट्या घातल्यात," कुशाबाई म्हणाल्या. "म्हैस फसली, झालं की. आता मी कशाला हवी?"

मी काहीतरी शास्त्रीय सांगायला तोंड उघडलं. रामहरीनं असं बघितलं, की कापसाचा बोळा स्वतःच्याच तोंडात धरावा असं वाटलं.

कुंडलिकराव पदराचं टोक चुरगळत उभे होते.

"म्हैस फसली गं. मी न्हाय फसलो. लुगडं अंगावर हुतं, वास तुझा हुता, तरी घरात तू नव्हतीस. मला तुझ्याबिगर जमत न्हाय. आन हे मला ही म्हैस दारात यायच्या आधीपासनं ठावं हाय."