सासरेबुवांची अळंबी आणि माझा अभेद्य फोन

एका रविवारी संध्याकाळी माझ्या फोनने मला विचारलं, 'तुम्ही आज या जंगलाला भेट दिलीत. किती तारे द्याल?' आणि मी फोन उशीखाली लपवला.

कारण त्या जंगलात मी गेलो होतो हे दोघांनाच माहीत असायला हवं होतं, मला आणि माझ्या सासऱ्यांना. आमच्या भागात माणूस एक वेळ आपला पगार सांगेल, मूळव्याध सांगेल, पण आपली अळंबी कुठे उगवते ते सांगणार नाही. झेनोन सासरेबुवांनी आपली बोरोविक अळंबीची जागा सासूबाईंना सांगितली नव्हती, पोटच्या पोरीलाही नाही. त्या दिवशी त्यांनी ती मला दाखवली, तीही उगाच चार वाटा फिरवून. "जावईबापू, आता ही तुमच्या पोटात राहू दे," ते म्हणाले. मला भरून आलं. (जमीन-नोंदणी कचेरीत इतकी वर्षं घासतोय, पण मला अजून कोणी कपाटाची किल्लीसुद्धा सोपवलेली नाही.)

आणि हा फोन तारे मागत होता. म्हणजे मी कुठे गेलो, किती वेळ वाकून उभा होतो, सगळं त्याला ठाऊक. मी तिथल्या तिथे ठरवलं, की फोनमधली ही हेरगिरी मुळापासून उपटायची आणि जिच्यात कोणाची पाळत नाही, जी आतून कशी चालते ते कोणीही तपासून घ्यावं, अशी खुली प्रणाली घालायची.

लुत्सिनाने, म्हणजे बायकोने, विचारलं की तुझ्याकडे चोरण्यासारखं आहे तरी काय. आहे काहीतरी, मी म्हणालो, सांगता येत नाही. तिने माझ्याकडे नीट, वरपासून खालपर्यंत पाहिलं. क्षणभर तिला दुसऱ्या बाईचा संशय आला असावा, पण माझ्या पोटापर्यंत नजर पोचल्यावर तो आपोआप गेला.

शनिवारी मी फोन संगणकाला जोडला. दुपारपर्यंत त्याची वीट झाली होती, काही केल्या सुरूच होईना. संध्याकाळी विटेत जीव आला. बँकेच्या ॲपने मात्र नव्या फोनशी संबंध तोडले, त्यामुळे मला बिलं भरायला म्हाताऱ्यांच्या रांगेत उभं राहावं लागायचं. पण मी मान ताठ ठेवून उभा राहायचो. रांगेतल्या एकालाही ठाऊक नव्हतं की आपल्यात एक अदृश्य माणूस उभा आहे.

नकाशासुद्धा मी खुलाच घेतला. लोकांनी लोकांसाठी बनवलेला, ना जाहिरात, ना पाळत. त्यात सासरेबुवांची जागा टिपून ठेवणं भाग होतं, कारण माझ्या भरवशावर मी कचेरीतलं स्वच्छतागृहही दोनदा विचारून शोधतो. 'नवी जागा जोडा' असं बटण दिसलं. ते दाबल्यावर अर्ज उघडला, आणि अर्ज दिसला की माझा हात थांबत नाही. नाव, वर्णन, गाडी कुठे लावावी, उघडण्याच्या वेळा, एक रकाना रिकामा सोडला नाही. माझं नाव विचारलं तिथे 'करकोचा' असं लिहिलं. (इतका मी सावध.) शेवटी फोन म्हणाला, 'धन्यवाद, तुमची भर सर्वांच्या उपयोगी पडेल.' किती सभ्य फोन, मला वाटलं.

पुढे एकदा दणकून पाऊस पडला आणि सासरेबुवा पहाटे मला घ्यायला आले. जंगलाच्या तोंडाशी मोडक्या क्रूसापाशी गाड्यांची रांग लागली होती. झाडांमधून टोपल्या फिरत होत्या. आमचे पाद्री होते, माझे साहेब होते, आणि एक अनोळखी बाई तर घडीची खुर्ची घेऊन आली होती.

ही जागा कळली कशी, असं सासरेबुवांनी तिलाच विचारलं. तिने हौसेने फोन पुढे केला. त्यांनी चष्मा लावून मोठ्याने वाचलं, "सासरेबुवांची अळंबीची गुप्त जागा. तीन बर्च झाडांच्या मागे. गाडी क्रूसापाशी लावावी. वेळ पहाटे पाच ते सात, नंतर लोक बघतात."

"कोणीतरी करकोचा दिसतोय," मी ठामपणे म्हणालो. "पण बाबा, तो कोण हे कधीच कळणार नाही. ही प्रणालीच तशी असते."

"उघडण्याच्या वेळा," सासरेबुवा शांतपणे म्हणाले. "जंगलाला उघडण्याच्या वेळा लिहिणारा माणूस या जिल्ह्यात एकच आहे."

मी झाडाकडे पाहू लागलो.

"जावईबापू, ही माझी जागा नव्हेच. तुम्हाला जोखायला म्हणून दाखवली होती. मोसमभर पोटात राहिली असती, तर खरी दाखवणार होतो." एवढं बोलून ते गाडीकडे वळले. मला खरंच वाईट वाटलं, पाद्रींनी त्यांच्या टोपलीतली एक अळंबी देऊ केली तरी.

नाताळच्या जेवणात सूपमध्ये भरपूर बोरोविक होती. खरी जागा आता लुत्सिनाला माहीत आहे, सासूबाईंनाही. फोनच्या बाबतीत मात्र मी बरोबरच होतो. त्यातून कोणालाही एक अक्षर काढता येत नाही, हे सासरेबुवांनाही पटलंय. घरात अळंबीचा विषय निघाला की ते स्वतःच सांगतात, "फोन राहू दे टेबलावर. यांना तेवढं बाहेर पाठव."