बकुळाबाई चितारणीच्या चौकटींची बखर

श्रीशारदा प्रसन्न असो, शाई दाट असो, ऐकणाराचा कान आणि सांगणाराची मान उभयता शाबूत राहोत. शके सोळाशे तीन, दुर्मती नाम संवत्सरे, वैशाख मासी एके राज्यात जे वर्तमान जाहले ते यथामती लिहिले आहे. राज्याचे नाव लिहीत नाही; ज्यास ओळखू येईल त्याने मनात ठेवावे. संवत्सराचे नाव दुर्मती, ते मात्र राज्याचे प्रधान नरहरराव यांनी हौसेने मागून घेतले की काय, ऐसा संशय रयतेस होता.

ते समयी राजधानीत बकुळाबाई चितारीण राहत असे. जन्मली तेव्हा आईबापांनी मुलगा समजून बारसे केले. ते नाव बखरकारास ठाऊक आहे, परंतु तिने टाकले ते आम्ही उचलत नाही. तिसऱ्या पंथातल्या हौसाबाई गुरूंचे घरी ती वाढली आणि तेथेच कुंचला धरावयास शिकली. तिची रीत ऐसी की कागदावर चौकटी आखाव्या, चौकटीत माणूस काढावा, माणसाचे तोंडापाशी फुगा काढावा आणि फुग्यात त्याचा बोल लिहावा, आणि पुढल्या चौकटीत तेच माणूस दोन पावले पुढे गेलेले दिसावे, मग पान वाचता वाचता चित्र चालू लागे. देवांची अथवा राजांची चित्रे ती काढीत नसे. हौसाबाईंनी प्रथम लुगडे नेसले तो दिवस, आणि कोष्टीवाड्यातील दोघी बाया एका मागावर संसार करीत त्यांची कडाक्याची भांडणे, आणि पंथातले कोणी तापाने फणफणले तर उशाशी कोण बसले, ऐसेच काढी. मग ज्यांचे चित्र काढावे ऐसे जगात कोणास वाटले नव्हते ते लोक मागल्या दाराने येत आणि म्हणत, बाई, आमचेही एक पान घाला.

त्यांत राजाचे पोथीशाळेचे अधिकारी दिनकरपंत पोथीनीस हे एक. माणूस विद्वान, अक्षर मोत्यासारखे, आणि भित्रे ऐसे की रस्त्याने जाता स्वतःचे सावलीसही वाट देत. सुभानजी शिलेदार आणि पंत बहुत वर्षे एके घरी राहिले. लोक म्हणत, शिलेदार पंतांचे भाडेकरू, आणि पंत ते ऐकून मान हलवीत. मग सुभानजी मोहिमेत महाराजांवर आलेला भाला आपले अंगावर घेऊन पडले, प्रेतही घरी आले नाही, आणि पंतांस सुतक धरता आले नाही, कारण भाडेकरूचे सुतक कोण धरतो. तेव्हा बकुळाबाईने त्यांस समोर बसवून, नाक कसे, हसताना गाल कोणता चढे, ऐसे खोदून खोदून विचारून एक पान काढले. पानात पंत दारात उभे आणि सुभानजी घोड्यावर चढताहेत, पंतांचे फुग्यात लिहिले, "जपून जा. भात झाकून ठेवतो." आणि सुभानजींचे फुग्यात एकच शब्द, "आलोच." ते पान पाहून पंत पोटभर रडले. सुभानजींचा खरा चेहरा पृथ्वीवर त्या पानाखेरीज कोठे उरला नव्हता.

मग प्रधानांनी राज्याची शिरगणती आरंभिली. कारकून घरोघर फिरता फिरता हौसाबाईंचे दारी येऊन अडले, कारण कागदास रकाने दोनच, पुरुष आणि स्त्री. त्यांनी प्रधानांस विचारले की रकाना वाढवावा काय. प्रधानांनी आज्ञा केली की रकाना वाढवणे नाही, माणसे कमी करावी. आणि दवंडी पिटली की जे रकान्यात नाही ते राज्यात नाही, आणि जे राज्यात नाही त्याचे चित्र काढणे म्हणजे खोटा दस्त करणे. सबब जो काढील त्याचा उजवा हात मनगटापासून तोडावा आणि चित्रे अग्नीस द्यावी. शिपाई घरांचे कोनाडे उपसू लागले. हौसाबाई त्याच धास्तीने खचल्या आणि गेल्या, आणि त्यांची पाने तेवढी मागे राहिली.

बकुळाबाई पोथीशाळेत पंतांकडे आली आणि हळूच म्हणाली, "पंत, राजाच्या पोथीची पानं सुटली हायती न्हवं? ती माझ्याकडं चिकटवाया द्या." पंतांस प्रथम उमगले नाही, आणि उमगले तेव्हा पाचावर धारण बसली. महाराजांची आणि त्यांचे वाडवडिलांची विजयपोथी, तिची पाने सुटी, आणि प्रत्येक पान म्हणजे पाठीस पाठ लावून चिकटवलेले दोन कागद. त्या दोहोंचे मध्ये तिसरा कागद सारला तर बाहेरून कोणास कळावे? पंत मोठ्या कष्टाने हो म्हणाले. खळ शिजवताना तीत निळा मोरचूद घालावा लागतो, नाही तर पिठाचे वासाने कागदास कसर ही कागद खाणारी कीड लागते, सबब मोरचूद आणण्याचे काम पंतांकडे आले. पंत बाजारी गेले तो दुकानापुढे शिपाई उभा. पोथीनीस मोरचूद कशास नेतो ऐसे त्याने विचारले तर काय सांगावे, या भयाने पंत कोपऱ्यावरूनच माघारे फिरले आणि बाईंस म्हणाले, बाजारात मिळाला नाही. तिने विश्वास ठेवला आणि कोऱ्या खळीने पाने चिकटवली. सुभानजींचे पान तिने विजयपोथीतील सुभानजींचे मरणाचे चित्रामागे घातले. त्या चित्रात दरबारी चिताऱ्यांनी त्यांस नुसत्या मिशा दिल्या होत्या, चेहरा कोणाचाही असावा ऐसा.

मग दरसाल दसऱ्यास विजयपोथी पालखीतून निघे आणि प्रधान तीवर मस्तक ठेवीत, आणि गर्दीत बकुळाबाई तोंडास पदर लावून हसे. पंत मात्र हसत नसत. एके वर्षी पोथी उलगडून पाहतात तो पानाचे कडेस भुकटी, आणि रुपेरी कसर सरसर पळाली. त्यांनी वेखंड ठेवला, कडुनिंबाचा पाला ठेवला, आणि बाईंस काही सांगितले नाही. कसरीस राजाचा विजय आणि हौसाबाईंचे लुगडे सारखेच गोड, ती दोन्ही खात गेली. शेवटी पुढल्या दसऱ्यास प्रधानांचे नजरेस छिद्रे पडली आणि आज्ञा जाहली की पोथी जीर्ण जाहली, रिवाजाप्रमाणे वाजतगाजत नदीस अर्पण करावी आणि नवी लिहवावी.

तेव्हा पंत बकुळाबाईचे घरी गेले आणि सारे सांगून बसले. ती म्हणाली, "बाजारात मोरचूद न्हवता, का तुमी गेलाच न्हाई?"

पंत म्हणाले, "गेलो नाही."

"बुडाली तर माझा हात वाचंल, तुमचं नाव वाचंल. घरी जा, पंत," इतकेच ती म्हणाली आणि कुंचले धुवावयास उठली. पंतांस तिने चार शिव्या दिल्या असत्या तर बरे वाटले असते.

मग अर्पणाचा दिवस आला. घाटावर नगारे, शिंगे, महाराज छत्राखाली, प्रधान जवळ, आणि पंत पोथी मस्तकी घेऊन गुडघाभर पाण्यात उभे. आणखी दोन पावले गेले की कोणी कधी काही विचारणार नाही, हे त्यांस ठाऊक होते, आणि आणखी दोन पावले गेले की सुभानजी दुसऱ्यांदा जातील, हेही ठाऊक होते. पाय पुढे उचलेना, मागे फिरेना. इतक्यात गर्दीतून वाट काढीत बकुळाबाई पायऱ्या उतरली आणि मोठ्याने म्हणाली, "थांबा. त्या पोथीच्या पोटात माझी माणसं हायती. मीच काढली, मीच घातली. हात माझा घ्या, पर त्यास्नी पाण्यात सोडू नगा." पंतांचे नाव तिने घेतले नाही.

नगारे थांबले. प्रधान पायरीवर येऊन म्हणाले, उघडून दाखव. महाराजांनी सांगितले की ज्यात सुभानजींचे मरण आहे तेच पान आधी उघडावे, आणि जपून उघडावे, त्या पुरुषाने आमचा जीव राखला आहे. बकुळाबाईने पानाची कड ओली केली, नखाने सोडवली, आणि मरणाचे चित्र दूर करताच आतून दार, घोडा आणि दोन माणसे निघाली. आरपार छिद्रे पडली होती, परंतु चेहरा वाचला होता. घाटावरचे लोक पुढे सरकले. दरबारात पोथी वाचण्याचे काम पोथीनिसाचे, सबब महाराज म्हणाले, पंत, काय लिहिले आहे ते वाचा.

पंतांनी पान हाती घेतले. जन्मभर ते सभेत परक्यांचे विजय खणखणीत वाचीत आले होते. "जपून जा," ऐसे ते वाचू लागले, "भात झाकून ठेवतो." मग थांबले. मग म्हणाले, "आलोच." त्यापुढे पानात काही नव्हते, आणि असते तरी त्यांस वाचता आले नसते. महाराजांनी एकदा दारातले माणसाकडे पाहिले, एकदा पंतांकडे पाहिले. घाटावर ज्यांस डोळे होते त्यांस कळले, आणि पंतांस हेही कळले की आता लपावयास जागा राहिली नाही.

प्रधान म्हणाले, "आणखी काय पाहावयाचे? हात येथेच तोडा आणि पोथी येथेच जाळा." शिपायाने बाईंचा हात धरून पायरीचे दगडावर ठेवला आणि दुसरा शिपाई पलिता घेऊन आला.

तेव्हा पंत बोलले. आवाज इतका बारीक की महाराजांस कान पुढे करावा लागला. ते म्हणाले, "निकाल झाल्याविना शिक्षा नाही. आणि निकाल होईतो मुद्देमाल नासविता येत नाही. मुद्देमाल नासवील त्यास आरोपीचीच शिक्षा. हा कायदा प्रधानसाहेबांनीच लिहविला, नक्कल पोथीशाळेत आहे, मीच उतरविली." पलिता होता तेथेच थांबला. महाराजांस हुकूम रद्द करण्याची छाती नव्हती, हे लिहिलेच पाहिजे. परंतु त्यांस पळवाट दिसली आणि ती त्यांनी धरली. म्हणाले, पंत म्हणतात ते बरोबर, खटला चालवा.

येणेप्रमाणे बकुळाबाईची पाने मुद्देमाल होऊन राजाचे पोथीशाळेत दाखल जाहली, आणि निकाल होईतो बाई जामिनावर घरी राहिली. पंत स्वतः भरबाजारी जाऊन, शिपायाचे देखत मोरचूद घेऊन आले, आणि खळ शिजवून एकेक फाटके पान सांधीत बसले, तो बोटे निळी पडली ती कायमची. खटला निकालास आला तेव्हा बकुळाबाई न्यायसभेत उभी राहिली आणि तिने पदराखालून एक नवे पान काढून पुढे ठेवले. त्यात घाट, पलिता आणि प्रधान, आणि प्रधानांचे फुग्यात शिरगणतीची आज्ञा. म्हणाली, "ह्यो माझा नवा गुन्हा. ह्याच पोथीचं फुडलं पान हाय." मग मुद्देमाल वाढला, पुरावा पुन्हा घ्यावा लागला, आणि निकाल लांबला. पुन्हा निकालास आला, पुन्हा एक पान. कोष्टीवाड्यातल्या दोघी म्हाताऱ्या झालेल्या, पंथातली नवी पोर, सुतक न धरता आलेली माणसे, सारी पानांत आली, आणि राजाचे खर्चाने जपली गेली. प्रधान दात खात राहिले. लोक यास गंमत म्हणत, परंतु गंमत नव्हती. बाई रोज सकाळी उठून आपला उजवा हात एकदा पाहत असे, कारण ज्या दिवशी चित्र सुचणार नाही त्या दिवशी तो जाणार होता.

ऐसे करता तिचे वय जाहले आणि आषाढात तिने अंथरूण धरले. पंत उशाशी बसले होते. ती म्हणाली, "फुडलं पान तुमी काढा."

पंत म्हणाले, "बाई, मला घोडादेखील काढता येत नाही."

"माणूस वळखू आला म्हंजी झालं." हे बोलून तिने डोळे मिटले, आणि दुसरे दिवशी दोन्ही हातांनिशी अग्नीवर गेली.

कायदा ऐसा की आरोपी मयत जाहला म्हणजे खटला मिटतो, आणि खटला मिटला म्हणजे मुद्देमाल जाळावा. प्रधान आता थकले होते, तरी पालखीत बसून स्वतः पोथीशाळेत आले, सोबत पलितेवाला. पंत बैठ्या मेजाशी बसून काही करीत होते, ते उठले नाहीत. प्रधानांनी मुद्देमाल मागितला. पंत म्हणाले, "एक पान वाढले आहे, शाई वाळू द्यावी."

प्रधान म्हणाले, "आरोपी मेली."

"हा आरोपी जिवंत आहे," ऐसे म्हणून पंतांनी आपला निळा उजवा हात मेजावर ठेवला आणि पान पुढे सरकवले. आज पंतांचा आवाज सभेत विजय वाचण्याचा होता. पानातली चौकट तिरकी, घोडा शेळीसारखा, दार तर पडावयास आलेले. परंतु घोड्यावरून उतरते माणूस सुभानजीच होते, गाल डावाच चढलेला, आणि त्यांचे तोंडापाशी फुगा, फुग्यात लिहिले, "आलो." पलितेवाल्याने ते पाहिले, मग प्रधानांकडे पाहिले, आणि कोणी न सांगता पलिता विझवला.

तात्पर्य इतकेच की पंतांमागून कोष्टीण आरोपी जाहली, तिच्यामागून आणखी कोणी, त्यामागून आणखी कोणी, आणि बखरकाराचेही एक पान त्यात आहे, कोणते ते सांगत नाही. महाराज गेले, प्रधान गेले, राज्यही गेले. पाने आहेत. खटला चालू आहे.